व्याहीबुवांची मुकी तबकडी

तंतोतंतराव हे त्यांचे बारशाचे नाव नव्हे. ते त्यांनी कमावले होते. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून उभी हयात काढताना त्यांनी बाजारातल्या इतक्या तराजूंना खाली मान घालायला लावली होती, की निवृत्तीनंतरही ओळखीचा दुकानदार त्यांना पाहताच पारड्याजवळचा हात नकळत मागे घेई. घरातही हा कारभार सुटला नव्हता. दूध उतू गेले तर किती गेले, पाहुणे उशिरा आले तर किती उशिरा, आणि बायको ‘जरा थांबा’ म्हणाली तर तिच्या हिशेबी ‘जरा’ म्हणजे नेमके केवढे, याचा खुलासा झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

निवृत्तीनंतर ही सारी हौस ग्रामोफोनच्या लाखेच्या जुन्या तबकड्यांवर येऊन बसली. दिवाणखान्याच्या एका भिंतीशी त्यांनी नव्या काळाचे उत्तम सामान मांडले होते : जड पाटाचे टर्नटेबल, त्याच्या खाली अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन कोपऱ्यांत कमरेइतके उंच दोन स्पीकर. पण नवे सामान जुन्या तबकड्यांना जसेच्या तसे मानवत नाही. हल्लीची सुई बारीक, आणि लाखेच्या तबकडीवरची खाच रुंद. बापाच्या बुटात पाय घातलेल्या पोरासारखी ती सुई त्या खाचेत तळाशी नुसती घसटत राहते आणि गाण्याऐवजी धूळ ऐकवते. म्हणून त्यांनी जाड टोकाची सुई मागवून घेतली. पुसायला स्पिरिट चालत नाही, कारण लाख विरघळते. म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे त्यांनी स्वतः तयार केलेली पत्र्याची डबी. नवी सुई खाचेच्या दोन्ही भिंतींचे वेगवेगळे ऐकते आणि दोन तारांनी दोन स्पीकरना वेगवेगळे सांगते. जुन्या तबकडीला मुळी एकच गोष्ट सांगायची असते. तेव्हा त्या दोन तारा डबीत एकत्र डाख देऊन त्यांनी दोघींचे तोंड एक करून टाकले. त्यामुळे खरखर निम्म्यावर आली, आणि गाणारा माणूस दोन स्पीकरांच्या बरोबर मधोमध येऊन उभा राहिला. ‘निम्म्यावर’ हा शब्द ते उगाच वापरत नसत.

त्या रविवारी मात्र घरातल्या कोणाचेही लक्ष गाण्यात नव्हते. लेकीचे लग्न ठरले होते, आणि होणारे व्याही-विहीण दुपारच्या चहाला यायचे होते. होणारा जावई ड्यूटीवर होता, म्हणजे मधे पडायला कोणी नव्हते. मधे पडायची गरज आहे असे लेकीला वाटत होते, आणि ते विनाकारण नव्हते. पहिल्याच भेटीत तंतोतंतरावांनी व्याह्यांच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आपल्या खिशातले वजन ठेवून पाहिले होते आणि ‘हा हलका दाखवतो बरं का’ असे विहीणबाईंना सांगून टाकले होते. विहीणबाईंनी त्या काट्यावर आयुष्यभर केक केले होते. त्या हसल्या, पण ते हसू दातांपुरतेच होते.

“बाबा, आज वाद नाही,” बशीत बिस्किटे मांडता मांडता लेक म्हणाली.

“मी वाद घालतच नाही. मी दुरुस्ती सुचवतो.”

“तीही नाही.”

“आणि समोरचा धडधडीत चुकीचं बोलला तर?”

“तर बिस्कीट खायचं. तोंड भरलेलं असलं की आपोआप जमतं.”

“हे काही उत्तर झालं नाही.”

लेकीने बशी खाली ठेवली. “तुम्ही जिंकून घरी याल, बाबा. मला तिथे नांदायचंय.”

यावर तंतोतंतरावांनी बशीतले एक बिस्कीट उचलून तोंडात टाकले. त्यांनी दुरुस्ती न सुचवणे ही त्या घरात नोंद घेण्याजोगी घटना होती, आणि बायकोने ती दारातूनच घेतली.

व्याही चष्म्याचे दुकानदार होते. गोल, प्रसन्न माणूस. स्वतःचा चष्मा कपाळावर ढकललेला आणि हात तो शोधायला खिशात गेलेला. त्यांची एक खोड होती. बोलता बोलता दम घ्यायला थांबले की त्यांच्या ओठांतून शीळ निघे, आणि ती नेहमी एकच असे : सूर हळूहळू चढत जायचा, वर गेल्यावर एकदम घसरायचा आणि घसरल्याची लाज न बाळगता पुन्हा चढू लागायचा. दुकानात काच घासताना ती, जिना चढताना ती, आणि आता तंतोतंतरावांच्या सोफ्यावर बसून बाह्या सरळ करतानाही तीच.

काखेत त्यांनी टॉवेलमध्ये गुंडाळलेले काहीतरी चपटे आणले होते. चहा येण्याआधीच त्यांनी ते उलगडले. आत लाखेची एक तबकडी होती, मधला कागद पार झिजून पांढरा पडलेला.

“साहेब, ही तुमच्यासाठी. म्हणजे तुमच्या यंत्रासाठी. माझ्या आत्याकडे चावीचं जुनं यंत्र होतं. यंत्र भंगारात गेलं, ही तेवढी राहिली. हिच्यावर एक माणूस शीळ घालतो. मी घालतो ना, ती त्याचीच. लहानपणी तिच्याकडे सुटीत जायचो, तेव्हा ओठांवर बसली ती बसलीच.”

“असं हे म्हणतात,” विहीणबाई तंतोतंतरावांच्या बायकोकडे वळून म्हणाल्या. “ही तबकडी बोललेली मी तरी कधी ऐकली नाही. माझं स्पष्ट मत आहे, ती शीळ यांनीच रचलीय आणि आळ घातलाय या बिचारीवर.”

“आज होऊन जाऊ दे ना निकाल!” व्याही खुशीत म्हणाले. “साहेबांच्या यंत्रापुढे कोणाची थाप टिकते?”

तंतोतंतराव सुखावले. हा माणूस आपण समजतो तेवढा वाईट नाही, असे त्यांच्या मनात येऊन गेले. त्यांनी तबकडी दोन्ही तळव्यांत कडेने धरली, उजेडात तिरपी केली, पाण्याने पुसली, वाळवली, पाटावर ठेवली, वेग मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर आणला आणि सुई अलगद उतरवली.

तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तशी चर्रर्र सुरू झाली. सगळे कान टवकारून बसले. चर्रर्र चालू राहिली. व्याही पुढे झुकले, मग आणखी पुढे. खूप वेळाने, तीन घरे पलीकडे डास गुणगुणावा तसे काहीतरी झाले.

“ते! ते ऐकलंत?”

“ती यंत्राची गुणगुण आहे,” तंतोतंतराव म्हणाले.

त्यांनी आवाज वाढवला; चर्रर्र वाढली. सुईचा भार तपासला. तो बरोबर होता. तबकडी उलटली, दुसऱ्या बाजूलाही तेच. मग शंकेला जागा राहू नये म्हणून त्यांनी आपल्या संग्रहातली एक तबकडी लावली, आणि एक बाई खणखणीत आवाजात दिवाणखान्याच्या मधोमध गाऊ लागल्या. म्हणजे यंत्र निर्दोष. त्यांनी बाईंना मधेच थांबवले.

लेकीने बिस्किटांची बशी त्यांच्या पुढ्यात सरकवली. त्यांनी एक उचलले, खाल्ले, गिळले. दुसरे उचलले. पण सत्य त्यांच्या घशाशी आलेले होते, आणि तिथे बिस्किटाला वाट मिळेना.

“व्याहीबुवा, या तबकडीत काहीही नाही. रिकामी आहे. मी खात्रीपूर्वक सांगतो. लहानपणच्या आठवणींचं असं होतं. आणि आठवण हे काही प्रमाणित माप नव्हे.”

व्याह्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, तबकडीकडे पाहिले आणि तो पुन्हा वर ढकलला.

“म्हणजे इतकी वर्षं मी हवेतून काढून वाजवत होतो म्हणायचं,” ते हसत म्हणाले. पण हसता हसता टॉवेल पसरू लागले.

“मीही तेच म्हणते,” विहीणबाई उठल्या, “पण मी म्हणणं वेगळं. निघू या?”

“अहो, चहा तरी…” तंतोतंतरावांची बायको पुढे झाली, आणि जाता जाता नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली, “एकदा तरी ‘मला कळत नाही’ म्हणा की. जीभ झडणार नाही तुमची.”

लेक बशी उचलून आत निघाली होती, आणि तिची पाठ पाहून तंतोतंतरावांना ती काय बोलली असती ते सगळे ऐकू आले.

आणखी एक गोष्ट त्यांच्या कानांना जाणवली. व्याही टॉवेलची घडी घालत होते. त्या आधी त्यांनी दम घेतला होता. पण शीळ आली नव्हती. ते आल्यापासून त्या शिळेने तंतोतंतरावांचे डोके उठवले होते. आता ती नव्हती, आणि दिवाणखान्यातून कोणीतरी एखादे कपाट हलवून नेल्यासारखे रिकामे रिकामे वाटत होते.

“थांबा,” ते म्हणाले. “तपासणी पूर्ण झालेली नाही.”

“राहू द्या हो साहेब. एवढं काय त्यात.”

“नाही. आमच्या खात्यात नियम होता. मालकाचं म्हणणं ऐकल्याशिवाय काट्यावर शेरा मारायचा नाही. मी शेरा आधी मारला. हे चूक झालं.”

आतल्या दाराशी लेक थबकली. ‘चूक झालं’ हे शब्द या आवाजात तिने पूर्वी ऐकलेले नव्हते.

“तुमच्याकडे भिंग आहे?” तंतोतंतरावांनी विचारले.

“चष्मेवाल्याला विचारताय?” व्याह्यांनी खिशात हात घातला. चष्मा सापडत नसे, पण डोळ्याला लावायचे भिंग पहिल्याच चिमटीत आले.

दोघे खिडकीपाशी गेले. एका हातात गाणाऱ्या बाईंची तबकडी, दुसऱ्यात आत्याची. आळीपाळीने भिंग लावताना दोघांची डोकी एकमेकांवर आपटली, आणि दोघांनीही ‘माफ करा’ म्हटले.

“या बाईंच्या खाचा बघा,” तंतोतंतराव म्हणाले. “नागमोडी. सुई डावीकडे-उजवीकडे हलते, त्याचा आवाज होतो. आणि आता तुमची बघा. रेघा कशा? पट्टीने आखल्यासारख्या सरळ. नागमोड औषधालाही नाही. म्हणजे मी म्हणत होतो तेच…” इथे त्यांनी स्वतःच जीभ चावली.

“कडा सरळ आहेत खऱ्या,” व्याही भिंग न काढता म्हणाले. “पण साहेब, तुम्ही कडाच बघताय. तळ बघा तळ. तबकडी जरा तिरपी करा… अजून… हं. चमक, काळोख, चमक, काळोख. काच घासताना आमच्याकडे तळ असा खालीवर झाला, तर ती काच फेकावी लागते. हा तळ खालीवर आहे. आणि उगाच नाही, ओळीने आहे.”

तंतोतंतरावांनी भिंग घेतले आणि बराच वेळ डोळ्याला लावून उभे राहिले. कडा सरळ, तळ मात्र लहान लहान टेकड्या आणि दऱ्यांनी भरलेला. म्हणजे या तबकडीवरचा माणूस सुईला डावी-उजवीकडे ढकलतच नव्हता. तो तिला वर-खाली नाचवत होता. फार जुन्या काळी काही कारखाने अशा तबकड्या काढत असत, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. आणि वाचून, आपल्याकडे असली तबकडी नाही म्हणून, ते विसरूनही गेले होते.

मग त्यांची नजर हळूहळू पत्र्याच्या डबीकडे गेली.

“अरे देवा,” ते म्हणाले.

“काय झालं?” बायकोने घाबरून विचारले.

“तराजू,” तंतोतंतराव म्हणाले. “रिकाम्या तराजूचा काटा कुठे असतो?”

“मधे,” व्याही म्हणाले.

“आणि दोन्ही पारड्यांत सारखंच वजन टाकलं तर?”

“तेव्हाही मधेच.”

“तेच! सुई आडवी हलली की दोन्ही तारा एकच गोष्ट सांगतात, माझ्या डबीत त्यांची बेरीज होते. सुई वर-खाली हलली की एक तार जे सांगते, त्याच्या बरोबर उलट दुसरी सांगते. एकीने दिलेलं दुसरी खाते. बाकी शून्य! मी काटा मधे पाहिला आणि तराजू रिकामा आहे म्हणालो. व्याहीबुवा, तराजू भरलेला होता. दोन्ही बाजूंनी, काठोकाठ.” त्यांनी भिंग व्याह्यांच्या हातात ठेवले. “नव्या उमेदवारालासुद्धा मी ही चूक माफ केली नसती.”

“मग आता काय करायचं?” लेकीने विचारले. ती केव्हा येऊन उभी राहिली होती ते त्यांना कळले नव्हते.

“डबी काढायची,” ते म्हणाले आणि गुडघ्यांवर बसून यंत्रामागे शिरले.

“अहो, कंबर!” बायको ओरडली.

“कंबर जाग्यावर आहे,” मागून उत्तर आले.

डबी निघाली. दोन तारा पुन्हा दोन वाटांनी गेल्या. सुई उतरली, चर्रर्र आली, आणि त्या चर्रर्रमधून, पातळ, पोकळ, खोलीत कुठून येतो आहे ते समजू न देणारा, एक आवाज आला. एक माणूस शीळ घालत होता.

यंत्रामागून मात्र तक्रार ऐकू आली : “हे बरोबर नाही. माणूस सगळीकडे आहे आणि कुठेच नाही. दोघी अजून उलट बोलताहेत. एकीला सुलट केली पाहिजे.” मग एका स्पीकरमागे खुडबुड झाली. तिथली लाल तार काळीच्या जागी गेली आणि काळी लालच्या. एरवी अशी जोडणी कोणाच्या घरी दिसली असती, तर तंतोतंतरावांनी यजमानाला चहा गार होईपर्यंत उपदेश केला असता.

सूर एकदम गोळा झाला, भरला, आणि शीळ घालणारा दिवाणखान्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. हळूहळू चढला. वर गेला. घसरला. आणि लाज न बाळगता पुन्हा चढू लागला.

व्याह्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते आणि तोंड उघडे होते.

“अगं बाई,” विहीणबाई म्हणाल्या, “खरंच आहे की हा! इतकी वर्षं मी यांना बोलले, ते सगळं याला बोलायला हवं होतं.”

“अजून बोल,” व्याही म्हणाले. “ऐकू जातंय त्याला.”

सगळे खो खो हसले. तंतोतंतराव केसांत धूळ घेऊन बाहेर आले, आणि लेकीने ती पदराने झटकावी तशी ओढणीने झटकली; नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. तबकडी संपली. पुन्हा लावली. दुसऱ्या वेळी मात्र व्याह्यांच्या कपाळाला आठी पडली.

“काय हो?” तंतोतंतरावांनी विचारले.

“काही नाही. मस्त आहे. फक्त… हा जरा झोपाळलेला वाटतो. आत्याकडे असा नव्हता. चपळ होता, आणि सूरही थोडा वर होता.”

“वेग अठ्ठ्याहत्तर आहे,” तंतोतंतराव म्हणाले. “बिनचूक. मी रोज तपासतो.”

शब्द बाहेर पडताक्षणी खोलीतली हवा पुन्हा ताठ झाली. बायकोने डोळे मिटले. लेकीने ओढणीचे टोक मुठीत धरले.

तंतोतंतरावांना मात्र या वेळी समोरच्याआधी स्वतःशी वाद घालायचा होता. वेग अठ्ठ्याहत्तर होता, हे निर्विवाद. पण तो कोणाचा? इतक्या जुन्या काळी प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीने तबकडी फिरवी. कोणी सत्तरच्या आसपास, कोणी नव्वदच्या. कागदावर काही छापले असलेच, तर ते केव्हाच झिजून गेले होते. कारखाना गेला, आत्याचे यंत्र भंगारात गेले, शीळ घालणारा तर कधीच गेला. या तबकडीचे खरे माप सांगणारी एकही वस्तू जगात उरलेली नव्हती. उरला होता तो फक्त समोरचा गोल माणूस. ‘पण तुमच्या आत्याचं यंत्र तरी बरोबर फिरत होतं कशावरून?’ हा प्रश्न तयार होता, धारदार होता, आणि बिनतोड होता. तो त्यांनी तिथेच ठेवला. त्याऐवजी ते विहीणबाईंकडे वळले.

“यांची शीळ रोज याच सुरात असते? की कधी वर, कधी खाली?”

“रोज तीच हो!” विहीणबाईंनी हात जोडले. “सकाळी तीच, संध्याकाळी तीच, ताप असला तरी तीच. आमच्या वरच्या मजल्यावर पियानो शिकवणाऱ्या बाई राहतात. त्या म्हणतात, तुमचे मिस्टर जिना चढले की माझा पियानो उतरला असेल तर मला समजतं.”

“मिळाला पुरावा,” तंतोतंतराव म्हणाले. त्यांनी खुर्ची टर्नटेबलाजवळ ओढली आणि वेग कमी-जास्त करायच्या पट्टीवर बोट ठेवले. “व्याहीबुवा, इकडे या. माझ्या शेजारी बसा. शीळ घाला. तुम्ही हलायचं नाही. मी यंत्र तुमच्याशी जुळवतो.”

“माझ्याशी?”

“तुमच्याशी. आज प्रमाण तुम्ही.”

चष्मेवाले येऊन बसले. त्यांनी ओठांचा चंबू केला आणि तो लगेच फिसकटला, कारण त्यांना हसू येत होते. हसऱ्या ओठांनी शीळ घालता येत नाही, ही गोष्ट त्यांनाही आजच कळत होती. पुन्हा चंबू केला; पुन्हा फू करून नुसती हवा बाहेर आली.

“हसू नका,” तंतोतंतराव गंभीरपणे म्हणाले. “माप चालू आहे.”

त्यावर तर व्याही पार कोलमडले. विहीणबाईंनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. “अहो, आयुष्यात पहिल्यांदा कोणी तुम्हांला शीळ घाला म्हणतंय, आणि आजच बंद?”

लेक कडेच्या खुर्चीत बसून पोट धरून हसत होती. आईने तिला गप्प बसायची खूण केली आणि स्वतःच तोंडाला पदर लावला.

शेवटी व्याह्यांनी चष्मा नाकावर घेतला, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. शीळ आली, सरळ, स्वच्छ. तंतोतंतरावांनी सुई उतरवली. खोलीत दोन शिळा झाल्या, शेजारी शेजारी, पण एक दुसरीच्या किंचित खाली. त्यांच्यामधला सूर थरथरत होता. तंतोतंतरावांचे बोट पट्टीवर केसभर पुढे सरकले. थरथर सैल झाली. आणखी केसभर सरकले. दोन माणसे एका दमात वर चढली, आणि घसरायच्या ठिकाणी आली तेव्हा ती दोन आहेत हे सांगणे तंतोतंतरावांच्या कानांनाही जमेना.